लँडलाइन फायबरवर जाताना ज्येष्ठांच्या गळ्यातल्या अलार्मचं काय करायचं?

सावली_र

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सरकारी खर्चाने जो अलार्म मिळतो त्याबद्दल विचारते आहे. गळ्यात किंवा मनगटावर बटण, घरात लँडलाइनला जोडलेला स्पीकरचा खोका आणि पलीकडे चोवीस तास माणसं बसलेलं केंद्र, अशी ही साधी रचना. देशोदेशी तांब्याच्या लाइनी बंद होतायत. फोन आता राउटरमधून येतो, आणि हे खोके मात्र बहुतेक जुन्या लाइनसाठी बनवलेले.

स्वयंसेवकांना घरोघरी जाऊन तपासता येईल अशी यादी करायची आहे. अडलेले मुद्दे हे:

१. फोन कंपनी सांगते, खोका राउटरच्या फोन पोर्टला लावा, चालेल. अलार्मवाले सांगतात, खात्री देता येत नाही. नेमकं बिघडतं काय?
२. वीज गेल्यावर काय होतं?
३. सिमवाला खोका आणला की प्रश्न मिटतो का?
४. खोका सरकारचा, लाइन कंपनीची, केंद्र तिसऱ्याचंच. मग बदलाची जबाबदारी कोणाच्या गळ्यात?

तारायंत्र

पहिल्या मुद्द्यात दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फोन कंपनी पाहते ते बोलणं नीट ऐकू येतं का एवढंच. जुना खोका सुरुवातीला बोलणं पाठवतच नाही, तो सूर पाठवतो.

बटण दाबलं की आधी रेडिओ संदेश खोक्यापर्यंत जातो. युरोपात यासाठी ८६९.२० ते ८६९.२५ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा राखून ठेवलेला आहे. खोका लाइन ताब्यात घेतो, घरातला दुसरा फोन उचललेला असला तर त्याला तोडतो आणि केंद्राचा नंबर फिरवतो. केंद्राचं यंत्र फोन उचलून 'तयार आहे' असा सूर देतं. मग खोका डीटीएमएफ सुरांत, म्हणजे फोनची बटणं दाबल्यावर येतात त्याच सुरांत, आपला ओळख क्रमांक आणि कारण सांगतो: बटण, धूर, बॅटरी कमी. केंद्र पोच देतं. हे सगळं पार पडलं की मगच स्पीकर उघडतो आणि माणसाचा आवाज येतो.

इंटरनेटवरून जाणारा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून जातो. बोलताना एखादा तुकडा गळाला तर कानाला कळतही नाही. पण ५०-७० मिलिसेकंदांच्या सुरात मध्येच २० मिलिसेकंदांची फट पडली, की पलीकडचं यंत्र एकाच आकड्याचे दोन वाचतं, नाहीतर काहीच वाचत नाही. ओळख क्रमांक चुकला की पोच मिळत नाही. खोका फोन ठेवतो आणि पुन्हा लावतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लागतोही, पण जमिनीवर पडलेल्या माणसासाठी ती मिनिटं फार मोठी असतात.

राउटर किंवा अॅडॉप्टर (जुना फोन इंटरनेटला जोडणारी डबी) बसवणाऱ्याला विचारायच्या गोष्टी:

- आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, जी.७११ हवा. जी.७२९ माणसाच्या बोलण्याचा अंदाज बांधून आवाज दाबतो, त्यात सुरांची वाट लागते.
- डीटीएमएफ आवाजातूनच जातात की वेगळे काढून पाठवले जातात (आरएफसी ४७३३ ची पद्धत)? दुसऱ्या पद्धतीत अॅडॉप्टर सूर ओळखतो, आवाजातून पुसतो आणि पलीकडे नव्याने वाजवला जातो. कधीकधी मूळ सुराचं टोक पुसायचं राहतं. मग केंद्राला तोच आकडा दोनदा ऐकू येतो. सूर भरभर सोडणाऱ्या खोक्यांना हा त्रास जास्त.
- शांततेत आवाज बंद करणारी सोय बंद हवी. ती चालू असली की सुराची सुरुवातच कापली जाते.
- फार जुना खोका पल्स पद्धतीने, म्हणजे चकतीच्या फोनसारखे ठोके देऊन, नंबर फिरवत असेल तर बहुतेक अॅडॉप्टरना तो नंबर कळतच नाही. खोक्याच्या सेटिंगमध्ये टोन करून घ्या.

या बिघाडाचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे तो रोज दिसत नाही. दुपारी दहापैकी दहा वेळा लागतो. संध्याकाळी घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की अडखळतो. म्हणून जुना खोका राउटरला लावणं ही नवा खोका येईपर्यंतची सोय समजा. कायमची व्यवस्था म्हणून मी तिला कधीच मान्यता देणार नाही.

शून्य_व्होल्ट

विजेचं सांगतो. इथे लोक हमखास फसतात.

तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते, साधारण ४८ व्होल्ट, थेट एक्सचेंजमधून. तिथे बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. त्यामुळे घरातली वीज गेली तरी लाइन जिवंत राहायची, आणि खोक्याच्या आतली बॅटरी खोक्याला तासन्‌तास, बहुतेक मॉडेलात २४ तास किंवा जास्त, तग धरायला लावायची. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही. फायबरचा डबा (ओएनटी) आणि राउटर हे दोन्ही भिंतीच्या प्लगवर. वीज गेली की ते त्याच क्षणी बंद. खोका मात्र आपल्या बॅटरीवर दिवा लावून बसलेला. दिवा चालू, रस्ता बंद.

उपाय म्हणून यूपीएस सुचवला जातो. त्याचं गणित आधी मांडा. राउटर साधारण १२ वॉट, ओएनटी ५ वॉट, मिळून १७. बाजारातल्या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. तूट धरून हातात ६५-७० येतात, म्हणजे जेमतेम चार तास. बॅटरी जुनी झाली की दोनही नाहीत. २४ तास हवे असतील तर ४०० वॉट-तासांच्या वर जावं लागतं. थेट १२ व्होल्ट देणारा डीसी यूपीएस घेतला तर इन्व्हर्टरची तूट वाचते. मात्र राउटर आणि ओएनटीचे व्होल्ट वेगवेगळे असू शकतात; दोन्हींच्या प्लगच्या अॅडॉप्टरवरचं लेबल वाचल्याशिवाय पिन खुपसू नका. लेड-अॅसिड बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी लागते. यादीत बसवल्याची तारीख लिहाच.

आता वायरिंग. फोन राउटरमधून यायला लागला की भिंतीतली जुनी सॉकेट मेलेली असतात. बेडरूममधला खोका तसाच लावलेला राहतो, त्याला प्लगची वीज मिळते, दिवा जळतो आणि लाइन शून्य. मग कोणीतरी खोका उचलून दाराजवळच्या राउटरपाशी नेतं. लाइन मिळाली, पण आता बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला केंद्राचा आवाज ऐकू येत नाही आणि केंद्रालाही त्याचा येत नाही. बटणाचा पल्लाही बदलतो. राउटरवरून घरातली जुनी सॉकेट पुन्हा जिवंत करता येतात, पण आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी मुख्य सॉकेटपाशी सोडवावी लागते. ते काम तंत्रज्ञाचंच. स्वयंसेवकांनी हात घालू नये.

सावली_र

आभार. एक शंका: लाइन गेली की खोका स्वतःच 'लाइन नाही' असं बोलतो ना? बऱ्याच माहितीपत्रकांत तसं छापलेलं असतं.

तारायंत्र

तो बोलतो ते लाइनवरचे व्होल्ट मोजून. बाहेरची लाइन आहे की नाही हे त्याला दुसऱ्या मार्गाने कळत नाही. तांब्याच्या काळात ते ठीक होतं, कारण तार तुटली की व्होल्ट गेले. आता ते व्होल्ट राउटरचा फोन पोर्टच तयार करतो. इंटरनेट बंद पडलं, तरी बरेच राउटर पोर्टवर व्होल्ट देत राहतात. खोक्याला लाइन ठणठणीत वाटते आणि तो गप्प बसतो. तंत्रज्ञाची व्हॅन अंगणात उभी असताना ही एक चाचणी करून घ्या: राउटरची वीज चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी केबल काढायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि खोका तक्रार करतो का ते बघायचं. करत नसेल तर त्या घराला नवा खोका देण्याच्या रांगेत पुढे घ्या.

अजून एक राहिलं. खोक्यात केंद्राचा नंबर एरिया कोडशिवाय भरलेला असतो. जुन्या एक्सचेंजला चालायचं. इंटरनेटवरच्या फोनसेवेत कित्येक ठिकाणी कोडशिवाय स्थानिक नंबर लागत नाही. पूर्ण नंबर भरून घ्या. दोन मिनिटांचं काम, आणि ते विसरलं तर बाकीचं सगळं बरोबर असूनही अलार्म जात नाही.

लहर_८६९

तिसऱ्या मुद्द्यावर. सिमवाला खोका चांगला, पण 'सिम आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. तांबं सोडून २जी-३जी च्या खोक्यावर गेलेल्यांना दुसऱ्यांदा खोका बदलावा लागलाय. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलेलं होतं, ३जी ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी गेलं. ब्रिटनमध्ये २जी जास्तीत जास्त २०३३ पर्यंत.

खरेदी करणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत.

खोक्यात ४जी वरून बोलता येतं का, म्हणजे व्होल्टी आहे का? काही खोके ४जी वरून अलार्मचा डेटा पाठवतात आणि बोलायची वेळ आली की २जी किंवा ३जी वर उतरतात. ती जाळी गेली की अलार्म पोचतो, पण केंद्रातल्या माणसाचं बोलणं घरात येत नाही. खोक्यावर '४जी' छापलेलं असणं पुरेसं नाही.

सिम एकाच कंपनीचं आहे की मिळेल ते नेटवर्क पकडणारं? दुसऱ्या प्रकारचं घ्या. टॉवरलाही वीज लागते, आणि वादळात एकाचा गेला तर दुसऱ्याचा चालू असण्याची आशा राहते.

खोक्याची स्वतःची तब्येत कळवणारा संदेश केंद्राला किती वेळाने जातो? जुना खोका आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा चाचणीचा फोन करायचा. नवा खोका दर काही मिनिटांनी 'मी आहे' असं कळवू शकतो, पण डेटा वाचवायला कोणी तो अवधी २४ तास करून ठेवतं. मग सकाळी नऊला तुटलेला रस्ता दुसऱ्या दिवशी कळतो. तो आकडा करारातच लिहून घ्या. आणि संदेश आला नाही तर केंद्रात कोण, किती वेळात, काय करतं हेही लिहून घ्या. नुसती स्क्रीनवर ओळ उमटून उपयोग नाही.

खोका कोणती भाषा बोलतो? खुल्या मानकांचा घ्या: स्वीडनमधून आलेलं एससीएआयपी, ब्रिटनचं बीएस ८५२१-२, युरोपचं टीएस ५०१३४-९. एकाच कंपनीची बंद भाषा असली तर केंद्र बदलताना सगळे खोके बदलावे लागतात. आणि केंद्र स्वतः अजून जुन्याच यंत्रणेवर असेल, तर घरातला डिजिटल खोका शेवटच्या टप्प्यात परत सुरांवरच येतो आणि तारायंत्र यांनी सांगितलेलं दुखणं मागच्या दाराने घरात येतं.

सिग्नल मोजायचा तो खोका जिथे राहणार त्याच जागी. दारात उभं राहून मोबाईलच्या दांड्या बघणं कामाचं नाही. ४जी चा आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) −९५ डीबीएमपेक्षा चांगला असेल तर निश्चिंत. −११० च्या आसपास असेल तर जागा बदला किंवा बाहेरचा अँटेना लावा. खोका राउटरला, मायक्रोवेव्हला किंवा लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवू नका. सिमचा सिग्नल आणि बटणाचा रेडिओ दोन्ही मार खातात.

घरात भरवशाचं इंटरनेट असेल तर दुहेरी मार्गाचा खोका सगळ्यात उत्तम: एक केबल राउटरला, आत एक सिम. वीज गेली तर सिम, मोबाईल नेटवर्क गेलं तर केबल.

मंजिरी_द

चौथा मुद्दा तांत्रिक नाही, पण माणसं जमिनीवर पडून राहतात ती जास्त करून याच्यामुळे. फोन कंपनीला ठाऊक नसतं की या लाइनवर अलार्म आहे. अलार्म देणाऱ्या खात्याला ठाऊक नसतं की लाइन पुढच्या मंगळवारी बदलणार आहे. आणि ज्येष्ठांना आलेलं पत्र 'तुमचा इंटरनेट वेग वाढतोय' असं सांगतं. त्यात अलार्मची ओळ असतेच, पण मागच्या पानावर.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणात उघड झालं. तिथे असे अलार्म वापरणारे सुमारे १८ लाख. जुनी लाइन डिसेंबर २०२५ ला बंद व्हायची होती. अलार्म न लागण्याच्या गंभीर घटना घडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी ग्राहकाच्या संमतीशिवायचं स्थलांतर थांबवलं, आणि पुढे अंतिम तारीख जानेवारी २०२७ झाली. त्यानंतर स्थानिक प्रशासनं आणि अलार्म सेवांनी आपल्या लोकांचे फोन नंबर कंपन्यांना द्यावेत, म्हणजे त्या लाइनींवर खूण करता येईल, असे करार सुरू झाले. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय ब्रॉडबँड येताना यासाठीच मेडिकल अलार्म रजिस्टर ठेवलं होतं. तुमच्या भागात असं काही असो-नसो, तुम्ही तीन ठिकाणी लेखी कळवा: फोन कंपनी, पैसे देणारं खातं, केंद्र. तिघांनाही तेच वाक्य: या नंबरवर जीवरक्षक अलार्म आहे, अलार्म तपासल्याशिवाय लाइन हलवू नये. आणि उत्तराचा संदर्भ क्रमांक घरात खोक्याच्या खाली चिकटवा.

वीजबंदीच्या नियमांवर विसंबताना नीट वाचा. ब्रिटनमध्ये फक्त लँडलाइनवर अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान १ तास आपत्कालीन नंबर लावता येईल अशी सोय कंपनीने करायची असते. न्यूझीलंडच्या १११ (तिथला आपत्कालीन नंबर) संपर्क संहितेत असुरक्षित ग्राहकांसाठी किमान ८ तास आहेत. दोन्ही नियम आपत्कालीन नंबरबद्दल आहेत. अलार्मचा खोका तो नंबर लावत नाही, केंद्राचा लावतो. कंपनीने एक साधा मोबाईल हातात दिला तरी नियम पाळला जातो, आणि खोका मुकाच राहतो.

पैशांचा पेच वेगळाच. बहुतेक योजना खोक्यासाठी एकदाच पैसे देण्याच्या हिशेबाने रचलेल्या होत्या, कारण लाइन घरात असायचीच आणि तिचं बिल घरातलं माणूस भरायचं. सिम म्हणजे दरमहा खर्च. आयर्लंडच्या सीनियर्स अलर्ट योजनेत ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या पात्र व्यक्तीला उपकरण आणि पहिल्या वर्षाची देखरेख मोफत मिळते. पुढची देखरेख ज्याची त्याने. न्यूझीलंडमध्ये अलार्मचा खर्च अपंगत्व भत्त्यातून मिळू शकतो. तुमची योजना कुठलीही असो, खात्याला स्पष्ट विचारा: सिम कोणाच्या नावावर, बिल कोण भरतं, आणि मोफत मुदत संपल्यावर सिम आपोआप बंद होतं की आधी कळवतात? न भरलेल्या बिलामुळे बंद पडलेलं सिम आणि तुटलेली तार यांत पडलेल्या माणसाला काहीच फरक नाही.

शून्य_व्होल्ट

सावली, घरोघरीची यादी मागितली होतीत. स्वयंसेवकाला स्क्रूड्रायव्हर लागणार नाही, घड्याळ मात्र लागेल.

आधी केंद्राला फोन करून सांगा की चाचणी आहे. मग ज्येष्ठ व्यक्तीलाच बटण दाबू द्या, तुम्ही दाबू नका. बोटांत तेवढा जोर आहे का हेही तेव्हाच कळतं. दाबल्यापासून माणसाचा आवाज येईपर्यंतचे सेकंद लिहा. हा आकडा लाइन बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा घ्यायचा. दुप्पट झाला असेल तर खोका गुपचूप दुसऱ्यांदा फोन लावतोय.

आवाज आला की केंद्राला तीन गोष्टी विचारा: स्क्रीनवर कोणाचं नाव दिसतंय, कोणता पत्ता, आणि कारण काय दिसतंय. नाव चुकीचं आलं तर सूर बिघडतायत.

मग पलंगावरून, बाथरूमच्या फरशीवर बसून (दार लावून) आणि अंगणातून दाबा. बाथरूममधून बोलणं दोन्ही बाजूंना ऐकू जातंय का ते बघा. धूर किंवा पडण्याचे सेन्सर जोडलेले असतील तर तेही एकेक करून.

शेवटी राउटर आणि ओएनटी दोन्हीचे प्लग काढा. खोक्याचाही काढा. पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा दाबा. इथे आवाज आला तरच पास. हिरवा दिवा, 'सिस्टीम ओके' असं बोलणारा खोका, कंपनीचं 'यशस्वीरीत्या स्थलांतरित' असं पत्र, यांतलं काहीही पास म्हणून लिहायचं नाही.

प्लग परत लावले का ते बघूनच निघा, आणि राउटर उठल्यावर (तीन ते पाच मिनिटं लागतात) शेवटची एक चाचणी करा. हा टप्पा राहून जातो.

सावली_र

खूपच नेमकं मिळालं. नवा खोका आल्यावर जुना लगेच काढायचा का?

लहर_८६९

नव्याची वरची पूर्ण चाचणी होईपर्यंत जुना काढू नका. मात्र दोन्ही खोक्यांना एकच बटण जोडलेलं ठेवू नका. एका दाबात दोन अलार्म जातात आणि केंद्र गोंधळतं. जुना काढला की केंद्राकडून त्याचा ओळख क्रमांक रद्द करून घ्या आणि नव्यावर संपर्काची माणसं, दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचा आकडा, औषधांची नोंद पुन्हा भरली आहे का ते त्यांच्याकडून वाचून घ्या. संपर्कातल्या शेजाऱ्याचीही लँडलाइन त्याच महिन्यात बदललेली असू शकते. त्याचा मोबाईल नंबर लिहून घ्या.